मोल्सवर्थच्या कोशातला दुसरा कँडी

मराठीतून भाषांतर करणाऱ्याला मोल्सवर्थच्या कोशावाचून गत्यंतर नसते. १८३१ साली हा मराठी–इंग्रजी कोश प्रथम निघाला, तेव्हा त्यावर तीन लष्करी नावे होती : कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ, आणि त्याचे साहाय्यक लेफ्टनंट थॉमस कँडी व लेफ्टनंट जॉर्ज कँडी. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. ज्या फौजेने मराठ्यांचे राज्य घेतले, तिच्यातल्याच तीन अधिकाऱ्यांनी मराठी भाषेची मोजदाद केली. शब्द आणून देणारे आणि त्यांची छाननी करणारे पंडित होते. त्यांची नावे मात्र कोशाच्या माथ्यावर आली नाहीत.

मोल्सवर्थला मराठी माणसांनी ‘मोलेसर शास्त्री’ करून आपलेसे केले. थॉमस पुढे ‘मेजर कँडी’ म्हणून शिक्षणखात्याच्या इतिहासात स्थिरावला. मराठी विरामचिन्हांची चर्चा निघाली की त्याच्या १८५० च्या पुस्तकाचे नाव निघतेच, आणि १८४७ चा इंग्रजी–मराठी कोशही त्यानेच तडीस नेला. जॉर्जच्या वाट्याला आला तो ‘आणि’ हा शब्द : ‘थॉमस आणि जॉर्ज कँडी’. दोघे जुळे भाऊ, जन्म १८०४ चा, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला. दोघे कंपनीच्या मुंबई फौजेत आले, दोघे मराठी शिकले. मग जॉर्जने लष्कर सोडले, अँग्लिकन चर्चची दीक्षा घेतली आणि तो मुंबईत पाद्री झाला.

सैनिकाने धर्मोपदेशक व्हावे यात नवल नाही. मेथडिस्ट पंथाच्या इतिहासात कॅप्टन थॉमस वेबचे नाव आदराने घेतले जाते. अमेरिकेतल्या लढायांत जखमी झालेला आणि एक डोळा गमावलेला हा ब्रिटिश अधिकारी १७६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये प्रवचने करी. त्याला रीतसर दीक्षा नव्हती. तो लष्करी गणवेशातच उभा राही आणि तलवार समोर ठेवी. लोक आधी तलवार पाहायला येत, मग शब्द ऐकत. वेबच्या बाबतीत शिपाईपण उपदेशाच्या कामी आले.

मोल्सवर्थची वाट नेमकी उलटी. लढाई आणि ख्रिस्ताची शिकवण यांचा मेळ बसत नाही अशी त्याची खात्री झाली. त्याने लष्कर सोडले आणि निवृत्तिवेतनावरही पाणी सोडले. पुढे तो कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा हिंदुस्थानात आला. १८५७ साली, उत्तरेत कंपनीच्या फौजा उठल्या त्याच वर्षी, सुमारे साठ हजार शब्दांची ती आवृत्ती मुंबईत छापली गेली. लष्कर सुटले तरी भाषा त्याला सुटली नाही.

जॉर्ज कँडी या दोघांहून निराळा. पाद्री झाल्यावर त्याने काम निवडले ते त्या वेळी ‘इंडो-ब्रिटन’ म्हणवल्या जाणाऱ्या समाजात. युरोपीय बाप आणि हिंदी आई यांची ही मुले. त्यांतले कितीतरी बाप फौजेतलेच. त्या मुलांना मात्र फौजेचे दार बंद होते. १७९१ आणि १७९५ च्या हुकुमांनी कंपनीने त्यांना अधिकाराच्या जागांवरून दूर ठेवले. लष्करात त्यांनी फार तर ढोल वाजवावा, बासरी फुंकावी, घोड्यांना नाल ठोकावेत. बापाच्या हाती बंदूक आणि मुलाच्या हाती ढोलाच्या काठ्या, अशी ही व्यवस्था. त्या मुलांसाठी १८३० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जने मुंबईत ‘इंडो-ब्रिटिश इन्स्टिट्यूशन’ उभी केली. तिच्या जोडीला सोनापूरला ट्रिनिटी चर्च झाले. सोनापूर म्हणजे मुंबईचे मसण. मराठीत ‘सोनापूरला गेला’ याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या शेजारात ही शाळा आणि हे देऊळ.

मला वाटते, जॉर्जच्या सन्मानाचे खरे कारण हे आहे. त्याने पोशाख बदलला, एवढ्याने तो मोठा ठरत नाही. पाद्र्याचा झगा त्या काळी सत्तेच्या सावलीतच होता. पण आपण सोडून आलो त्या फौजेचे देणे कोणापाशी थकले आहे, हे त्याने ओळखले आणि तो तिथे जाऊन राहिला.

तरी हिशेब एकाच बाजूने मांडून चालणार नाही. तो मांडताना काशीच्या एका मराठी माणसाची आठवण ठेवावी लागते. वाराणसीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे मिशनऱ्यांचे मत खोडून काढायला पुढे झाले आणि वाद करता करता स्वतःच ख्रिस्ती झाले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नीळकंठचे ते नेहेम्या झाले, आणि १८७० साली त्याच अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू. गोऱ्यांना या वाटेसाठी घर, जात, काशीतले पंडितपण असे सारे मोजावे लागले. जॉर्ज कँडी जिथे गेला तिथे राज्य त्याचेच होते, भाषा त्याची होती, देवही घरचाच होता. दोघांचे धर्मपद एक असले तरी त्याची किंमत एक नव्हती.

आणि भाषेचेही एक देणे राहिलेच. ज्याने मराठीचे शब्द जमवायला मदत केली, त्याची शाळा मात्र इंग्रजी वळणाची. त्या मुलांना बापाची भाषा, बापाचा धर्म मिळाला. आईची बोली त्या शिक्षणात कुठे बसणार? ती बोली ज्याला कळत होती असा मुंबईतल्या पाद्र्यांतला एक जण त्यांच्यासमोर उभा होता, हे पाहिले की ही उणीव अधिकच डोळ्यांत भरते.

तेव्हा जॉर्ज कँडीचा सन्मान करायचा तर त्याला संत करण्याची गरज नाही. कोश उघडताना ‘आणि’ या शब्दापाशी क्षणभर थांबले तरी पुरे. त्या शब्दाच्या एका बाजूला बिननावाचे पंडित आहेत, दुसऱ्या बाजूला ढोल वाजवणारी पोरे. मधे एक लेफ्टनंट, जो शब्द मोजता मोजता उठला आणि फौजेने टाकलेल्या मुलांकडे गेला.