मुंबईचा पाणीपुरवठा आणि शहापूर–मुरबाड परिसर

महानगराच्या पाणीपुरवठ्याचे क्षेत्र त्याच्या हद्दीबाहेर, ग्रामीण भूमीवर विस्तारत जाण्याच्या प्रक्रियेचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके होत. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील या प्रदेशात भरपूर पाऊस पडतो आणि तानसा, भातसा, काळू, शाई, बारवी इ. नद्या येथूनच वाहतात. तथापि कठीण बेसाल्ट खडकामुळे पावसाचे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. ते वेगाने वाहून जाते आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. साठवणीस अनुकूल खोरी व मुंबईपेक्षा उंच भूपातळी या कारणांमुळे मुंबईच्या अभियंत्यांचे लक्ष या परिसराकडे वेधले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईची तहान विहिरी व तळ्यांवर भागत असे. १८५४ च्या सुमारास पाण्याची तीव्र टंचाई भासल्यानंतर साष्टी बेटावर विहार तलाव बांधण्यात आला (१८६०). त्यानंतर तुळशी (१८७९) व पवई (१८९१) हे तलाव झाले. परंतु १८९१ मध्ये शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ झाली होती आणि साष्टीतील हे साठे अपुरे पडू लागले होते. म्हणून शहापूर तालुक्यातील तानसा नदीवर धरण बांधण्यात आले आणि १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते ते कार्यान्वित झाले. सु. तीन किमी. लांबीचे हे दगडी धरण तत्कालीन जगातील मोठ्या धरणांत गणले जाई. तेथून निघालेले पाणी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ गुरुत्वाने, मुंबईस पोहोचे. १९१५, १९२५ व १९४८ या टप्प्यांत या योजनेची क्षमता वाढविण्यात आली. त्या काळी १८७० चा भूसंपादन कायदा लागू होता. त्यात जमिनीच्या मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. जमीन नावावर नसलेल्या व वनावर उपजीविका करणाऱ्या कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली इ. समाजांच्या दृष्टीने ही उणीव विशेष महत्त्वाची होती.

स्वातंत्र्योत्तर काळात विस्ताराचा वेग वाढला. वैतरणा नदीवरील धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. मुंबईचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या नावावरून त्याच्या जलाशयास मोडकसागर असे नाव मिळाले. त्याच नदीवर नासिक जिल्ह्यात ऊर्ध्व वैतरणा प्रकल्प (१९७३) उभारण्यात आला. त्याचे पाणी वीजनिर्मितीनंतर मोडकसागरात येते. १९७३ मध्ये जागतिक बँक समूहाच्या कर्जसाहाय्याने मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण योजनेस प्रारंभ झाला आणि शहापूर तालुक्यातील भातसा प्रकल्प तिचा मुख्य आधार ठरला. भातसा धरण राज्य शासनाच्या जलसंपदा विभागाचे असून त्याचे पाणी नदीपात्रातून भिवंडी तालुक्यातील पिसे येथे येते. तेथे ते पंपाने उचलून, पांजरापूर व भांडुप येथे शुद्ध करून शहरास पुरविले जाते. मुंबईच्या एकूण पुरवठ्यापैकी सु. निम्मे पाणी या एकाच नदीचे आहे. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार मध्य वैतरणा धरण बांधण्यात आले (२०१४). गारगाई व पिंजाळ हे प्रकल्पही त्याच शिफारशीतील होत. प्रस्तावित गारगाई जलाशयाचे क्षेत्र तानसा अभयारण्यात येत असल्याने त्याविषयी पर्यावरणविषयक वाद उत्पन्न झाला.

मुरबाडकडील विस्ताराचे स्वरूप काहीसे निराळे आहे. बारवी नदीवरील धरण (१९७२) महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मुख्यतः कारखान्यांसाठी उभारले. पुढे कल्याण–डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई, मीरा–भाईंदर इ. नागरी वस्त्याही त्यावर अवलंबून राहू लागल्या. त्यामुळे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली व आणखी गावे बाधित झाली. बाधित कुटुंबांतील व्यक्तींना पाणी घेणाऱ्या संस्थांतच नोकऱ्या देण्याचे धोरण येथे स्वीकारण्यात आले. लाभ घेणाऱ्याने भारही उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाच्या बाबतीत मात्र वनविषयक परवानगीविना काम सुरू झाल्याचा आक्षेप श्रमिक मुक्ति संघटनेने न्यायालयात मांडला आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबविले. त्यानंतरही या प्रकल्पाचा विचार सोडून देण्यात आला नाही.

या विस्तारातील मूलभूत विसंगती प्रशासकीय स्वरूपाची आहे. महानगरपालिकेची जलव्यवस्था शंभर किमी.पर्यंत पसरली, परंतु तिची मतदारहद्द पसरली नाही. ज्यांच्या शिवारातून जलवाहिन्या गेल्या, ते ना तिचे करदाते, ना तिचे मतदार. परिणामी त्यांचा पाण्यावरील हक्क कायद्याने निश्चित होण्याऐवजी सवलतीवर राहिला. वाहिन्यांच्या मार्गावरील काही गावांना महापालिकेने पाणी दिले आहे. तथापि वाहिनीपासून दूर, उंचावर वसलेल्या पाड्यांना त्याचा उपयोग होत नाही. धरणे खोऱ्याच्या तळाशी व पाडे डोंगराच्या अंगावर असल्याने पाणी दिसत असूनही ते वर चढविण्याचा खर्च ग्रामपंचायतींना परवडत नाही. म्हणूनच मुंबईस अहोरात्र पाणी पाठविणाऱ्या शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. यावर उपाय म्हणून इगतपुरी तालुक्यातील उंचावरील भावली धरणातून गुरुत्वाने पाणी आणण्याची योजना हाती घेण्यात आली. १८९२ मध्ये तानसा योजनेत शहरासाठी वापरलेलेच तत्त्व येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर ग्रामीण वस्त्यांसाठी योजिले गेले.

न्यूयॉर्कसारख्या महानगरांनीही दूरच्या खोऱ्यांतून पाणी आणले आहे. न्यूयॉर्कने कॅट्स्किल पर्वतातील जलग्रहण क्षेत्राच्या रक्षणासाठी १९९७ मध्ये तेथील गावांशी करार करून त्यांच्या विकासासाठी निधी दिला. शहापूर–मुरबाड परिसरात असा सर्वंकष करार झालेला नाही. पाणीपुरवठ्याची हद्द जेथे विस्तारते, तेथे दायित्वाचीही हद्द विस्तारली पाहिजे, हा सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासाचा निष्कर्ष होय.