कोठडी क्रमांक सात

5 आणि 6 मे 1977 यांमधील रात्र. आंध्र प्रदेशात, तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातील कोइलकुंटला येथील दुय्यम तुरुंगात, कोठडी क्रमांक 7 मध्ये एक पिता व त्याचा पुत्र होते. खटल्याचा निकाल लागायचा होता. दोघेही दोषी ठरलेले नव्हते. पहाटे साडेतीनच्या सुमारास काही माणसे तुरुंगाच्या आवारात शिरली आणि त्यांनी त्या कोठडीत बॉम्ब फेकले. पिता इस्पितळात मरण पावला. पुत्र जखमी झाला, पण वाचला. दाराची किल्ली सरकारच्या हाती; कोठडीतल्या माणसाने पळावे तरी कोठे?

पुत्र, त्याची आई आणि भाऊ यांनी राज्य सरकारवर दहा लाख रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. तुरुंगाच्या पहाऱ्यात हयगय झाली, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने उत्तर दिले की, तुरुंग चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असून त्यातील हयगयीबद्दल राज्यावर दावा चालत नाही.

या उत्तराचे मूळ जुने आहे. कलकत्त्याजवळील खिदिरपूरच्या सरकारी गोदीत मजुरांच्या हातून लोखंडी सामान पडून एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला. 1861 साली न्यायालयाने सरकारला भरपाई द्यावयास लावली. मात्र व्यापारी स्वरूपाची कामे वेगळी आणि सार्वभौम कार्ये वेगळी, असा भेदही त्याच निकालात केला. घोड्याच्या मालकाला न्याय मिळाला, पण पुढे त्याच भेदाचा आधार घेऊन अनेकांना रिकाम्या हाताने परत पाठविण्यात आले. आपल्या राज्यघटनेच्या 300व्या कलमानेही सरकारची जबाबदारी पूर्वीसारखीच ठेवली.

1964 साली कस्तुरीलाल खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मेरठ येथे पोलिसांनी ताब्यात घेतलेले एका सराफाचे सोने हेड कॉन्स्टेबलने पळविले होते. पोलिसांची हयगय सिद्ध झाली, तरी भरपाई नाकारली गेली. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर हे आपल्या साताऱ्यात जन्मलेले. अशी स्थिती समाधानकारक नाही, कायदेमंडळाने कायदा करावा, असे त्यांनीच सुचविले. विधी आयोगाने तर 1956 सालीच तशी शिफारस केली होती. 1965 व 1967 साली विधेयके मांडली गेली, परंतु त्यांचा कायदा झाला नाही.

तेव्हा न्यायालयांनीच वाट काढली. निर्दोष सुटूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना 1983 साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी भरपाई देवविली. पोलीस कोठडीतून नेलेल्या मुलाचे प्रेत रेल्वे रुळांवर सापडले, तेव्हा ओरिसातील नीलाबती बेहरा या मातेने न्यायालयाला पत्र लिहिले. 1993 साली तिला दीड लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. मूलभूत हक्क मोडल्यावर सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, असे ठरले.

हे निकाल मूलभूत हक्कांसाठी थेट केलेल्या अर्जांवरचे होते. नेहमीच्या भरपाईच्या दाव्यातही हेच तत्त्व लागू व्हावे, हे कोइलकुंटला प्रकरणाने पक्के केले. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला होता. उच्च न्यायालयाने 1989 साली 1,44,000 रुपये व व्याज मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2000 रोजी तो निकाल कायम केला. कैदी झाला म्हणून माणूस माणूसपणाला मुकत नाही, हे त्या निकालाचे सार. त्या रात्रीला तोवर तेवीस वर्षे होत आली होती.

तुरुंगात जाऊन बंदिवानाची भेट घेणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणले आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला त्याच बंदिवानाच्या जागी पाहतो. आम्हांला वाटते, या कृत्याला न्यायाचीही जोड हवी. ज्याचे स्वातंत्र्य आपण काढून घेतले, त्याच्या जिवाची राखण आपल्याच माथी आली. कैद्याला मतदानाचा हक्क नाही. त्याच्यासाठी कायदा मागावयाचा तो बाहेर असलेल्या आपणच.