बॅले, कथक आणि क्लासच्या ताई : नृत्यशाळेतले गुरू येतात कुठून?

शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की जालना शहरात, अंबडला, परतूरला, भोकरदनला एकच चित्र दिसतं. एखाद्या हॉलमध्ये किंवा घराच्या गच्चीवर पंधरा-वीस मुलं रांगेत उभी असतात आणि समोर डान्स क्लासच्या ताई किंवा सर 'पाच, सहा, सात, आठ' मोजत असतात. बाहेर पाट्यांवर कथक, भरतनाट्यम, वेस्टर्न, बॉलिवूड, झुंबा असे शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात. आता मोठ्या शहरांतल्या पाट्यांवर 'बॅले' हा शब्दही दिसू लागला आहे.

पालक फी विचारतात, वेळ विचारतात. पण शिकवणारी व्यक्ती कुणाकडून शिकली, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण नृत्य पुस्तकातून येत नाही. ते एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातं. त्यामुळे प्रत्येक क्लासमागे गुरूंची एक साखळी असते. महाराष्ट्रातली ही साखळी मागे खंडाळ्याच्या घाटापर्यंत जाते. तीच इथे समजून घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करू : बॅले म्हणजे नेमकं काय?

मराठीत 'बॅले' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो.

पहिला अर्थ युरोपातल्या शास्त्रीय नृत्याचा. इटलीत सुरू झालेला, फ्रान्सच्या राजदरबारात घडलेला आणि पुढे रशियात बहरलेला हा प्रकार आहे. पायांच्या पाच मूलभूत स्थिती, भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला धरून केलेला सराव, फ्रेंच भाषेतल्या संज्ञा आणि मुलींनी पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून केलेलं नृत्य ही त्याची ओळख.

दुसरा अर्थ आपल्याकडचा. एखादी कथा संवादांशिवाय, समूहनृत्य आणि संगीतातून मांडली की मराठी माणूस तिला नृत्यनाट्य किंवा 'बॅले' म्हणतो. रामायणावरचा बॅले, शिवचरित्रावरचा बॅले असं आपण सहज बोलतो. त्यात युरोपातल्या बॅलेचं तंत्र असतंच असं नाही. पाया कथक, कथकली, मणिपुरी किंवा लोकनृत्याचा असतो.

हा दुसरा अर्थ रुजला तो 1920 ते 1950 या काळात, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कुठून झाली?

रशियन बॅलेरिना अ‍ॅना पावलोवा 1922-23 च्या हिवाळ्यात भारतात आली. मुंबईतही तिचे प्रयोग झाले. भारतीय नृत्याबद्दल तिला कुतूहल होतं. पुढे 1923 मध्ये लंडनमध्ये तिने उदय शंकर या तरुणाला सोबत घेऊन राधा-कृष्णावरची रचना सादर केली.

मुंबईतल्या आणखी एका नर्तकीला पावलोवाने प्रोत्साहन दिलं. त्या म्हणजे लीला सोखी, रंगमंचावरचं नाव मादाम मेनका. जन्म 1899 चा, माहेर बंगाली. पती साहिब सिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. चांगल्या घरातल्या बाईने लोकांसमोर नाचणं तेव्हा बदनामीचं मानलं जाई. कथक तवायफांच्या कोठ्यांशी जोडलेलं होतं आणि ते शिकवणारे गुरू पिढीजात कलावंत घराण्यांतले होते. मेनका याच गुरूंकडे शिकल्या. पंडित सीताराम प्रसाद, तसंच लखनौ घराण्याचे अच्छन महाराज आणि लच्छू महाराज ही त्यातली प्रमुख नावं. युरोपातल्या बॅलेप्रमाणे एकसंध कथा, समूहरचना, वेशभूषा आणि प्रकाशयोजना त्यांनी घेतली, पण पदन्यास आणि अभिनय भारतीयच ठेवला.

1936 ते 1938 या काळात त्यांच्या संचाने युरोपचा दौरा केला. शेकडो प्रयोग झाले. 1936 मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या निमित्ताने झालेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत या संचाने पारितोषिकं मिळवली.

खंडाळ्याची शाळा : एका छताखाली तीन गुरू

युरोपातून परतल्यावर मेनका यांनी खंडाळ्यात 'नृत्यालयम्' ही शाळा काढली. तिचं वेगळेपण तिथल्या गुरूंमध्ये होतं.

तोपर्यंतची रीत अशी होती की शिष्य एका गुरूकडे जाई आणि त्याच्या घराण्याचंच शिके. खंडाळ्यात मात्र कथक, कथकली आणि मणिपुरी अशा तीन परंपरांचे जाणकार एकाच ठिकाणी शिकवत होते. कथकलीसाठी करुणाकर मेनन होते. मणिपुरीसाठी बिपिन सिंह होते. एक उत्तरेची परंपरा, एक केरळची, एक ईशान्येची, आणि शाळा सह्याद्रीच्या कुशीत.

आज कुठल्याही डान्स अकॅडमीत तीन-चार शैलींचे शिक्षक असतात आणि त्यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी ही नवी गोष्ट होती. त्याच सुमारास उदय शंकर यांनी अल्मोड्यात असंच केंद्र उभं केलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या काळात पैसा, प्रवास, प्रेक्षक सगळंच अवघड झालं. खंडाळ्याची शाळा फार वर्षं चालली नाही, अल्मोड्याचं केंद्रही बंद पडलं. 1947 मध्ये मेनका यांचं निधन झालं.

मग हे सगळं वाया गेलं का? नाही. इमारत बंद झाली, पण शिकवणारे आणि शिकलेले लोक होतेच.

गुरू पांगले, नृत्य पसरलं

लच्छू महाराज मुंबईत आले आणि हिंदी सिनेमात नृत्यदिग्दर्शक झाले. 'मुघल-ए-आझम' आणि 'पाकीजा' मधलं त्यांचं काम आजही पाहिलं जातं.

बिपिन सिंह यांनी मुंबईतल्या झवेरी भगिनींना मणिपुरी शिकवलं. मणिपूरबाहेर या शैलीला रंगमंच मिळवून देण्यात या गुरू-शिष्यांचं काम फार मोठं आहे.

मेनकांच्या संचातली सगळ्यात धाकटी मुलगी होती दमयंती जोशी. जन्म 1928, मुंबईचा. मेनका तिला दत्तक घेऊ इच्छीत होत्या. आई वत्सला जोशी यांनी लेक देऊन टाकायला नकार दिला आणि दोघींनी मिळून तिला वाढवायचं ठरवलं. लहान वयातच ती युरोपच्या रंगमंचांवर नाचली. एकल कथक नर्तकी म्हणून त्यांनी देशभर नाव कमावलं. 1968 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि 1970 मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. 2004 मध्ये त्यांचं निधन झालं.

तिकडे अल्मोड्यातून बाहेर पडलेल्या शांती बर्धन यांनी 1952 मध्ये मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' सुरू केला. माणसांनी कठपुतळ्यांसारखं नाचत सादर केलेलं त्यांचं 'रामायण' गाजलं. 1953 मध्ये सचिन शंकर यांनी स्वतःचं बॅले युनिट काढलं. मराठीत 'बॅले' हा शब्द रुळला तो अशा कामांमुळे.

पुणे : शिक्षक घडवणारी शाळा

गावोगावच्या क्लासपर्यंत कथक पोचलं ते मात्र पुण्यामार्गे. रोहिणी भाटे (1924-2008) यांनी 1947 मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली. त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकल्या होत्या. म्हणजे मेनकांना शिकवणारे लच्छू महाराजच पुण्याच्या या शाळेच्या मुळाशीही आहेत.

रोहिणीताईंनी मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुलींना कथक शिकवलं, त्याची शिस्तशीर मांडणी केली, मराठीतून नृत्यावर लिहिलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे स्वतःचे क्लास काढले. भरतनाट्यमच्या बाबतीत आचार्य पार्वतीकुमार यांनी हेच काम मुंबईत केलं. तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळातल्या मराठी रचना शोधून त्यांनी त्या नृत्यात बसवल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात तो वारसा पुढे नेला.

जालन्यातून जवळ काय आहे?

शास्त्रीय नृत्य गंभीरपणे शिकायचं तर मराठवाड्यातलं महत्त्वाचं ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं 'महागामी' गुरुकुल. जालन्यापासून हे शहर साधारण 60 किलोमीटरवर आहे. एमजीएमच्या आवारात 1996 पासून हे गुरुकुल चालतं. संचालिका पार्वती दत्ता यांनी ओडिसी केलुचरण महापात्र यांच्याकडे आणि कथक बिरजू महाराजांकडे शिकलं. खंडाळ्यासारखंच इथेही एका आवारात दोन परंपरा शिकवल्या जातात. 'संगीतरत्नाकर' लिहिणारे शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या दरबारात होते. त्यांच्या नावाने इथे दरवर्षी 'शार्ङ्गदेव समारोह' होतो.

पण रोज 60 किलोमीटर जाणं-येणं प्रत्येक घराला जमत नाही. बहुतेक मुलांसाठी गल्लीतला क्लास हीच नृत्यशाळा असते. म्हणून त्या क्लासमधल्या शिक्षकाची तयारी किती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शिक्षकाची पात्रता कशी ओळखायची?

शास्त्रीय नृत्याच्या क्लाससाठी महाराष्ट्रात सगळ्यात ओळखीचा मापदंड म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये हे मंडळ स्थापन केलं. नृत्याच्या पायऱ्या अशा आहेत : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकार.

स्वतः मध्यमापर्यंत शिकलेली व्यक्ती लहान मुलांना सुरुवातीचे धडे देऊ शकेल. पण मुलीला विशारदपर्यंत न्यायचं असेल, तर शिक्षक त्या टप्प्याच्या पुढे गेलेला असायला हवा. हे विचारण्यात गैर काही नाही.

युरोपीय बॅलेसाठी वेगळी पद्धत आहे. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही 1920 मध्ये स्थापन झालेली संस्था जगभर परीक्षा घेते आणि शिक्षक घडवते. रशियन वागानोवा आणि इटालियन चेकेटी या शिकवण्याच्या इतर दोन प्रसिद्ध पद्धती. बॅले शिकवणाऱ्याने यापैकी कुठली पद्धत, कुठे आणि किती वर्षं शिकली, हे स्पष्ट सांगता यायला हवं.

चुकीच्या शिक्षकामुळे काय बिघडतं?

इथे प्रश्न फक्त कलेचा नाही, मुलांच्या हाडांचा आहे.

बॅलेमध्ये बोटांच्या टोकावर उभं राहायचे खास कडक बूट असतात. ते काही वर्षांचा पक्का सराव झाल्यावर, साधारण 11-12 वर्षांच्या पुढे आणि पाय-घोटे-पाठ मजबूत आहेत हे शिक्षकाने तपासल्यावरच घालायचे असतात. ऑनलाइन मागवलेले बूट आणि रील पाहून केलेला प्रयत्न यातून घोटे आणि बोटं दुखावतात.

कथकमध्येही तसंच. सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर अनवाणी तासभर ततकार केला तर गुडघे आणि टाचा तक्रार करतात. लहान मुलाच्या पायात पहिल्याच महिन्यात जड घुंगरू बांधणारा शिक्षक घाई करतो आहे, असं समजावं. अंग गरम न करता थेट स्प्लिट करायला लावणं, पाठीवर दाब देऊन ताणणं, वजनावरून सगळ्यांसमोर टोमणे मारणं या गोष्टी दिसल्या तर पालकांनी बोलायलाच हवं.

चांगल्या शिक्षकामुळे काय घडतं?

मुंबईत तुष्ना दल्लास यांनी 1966 मध्ये बॅलेची शाळा सुरू केली. पण बराच काळ बॅले हा श्रीमंत घरांतल्या मुलींचा छंद मानला गेला. हे चित्र बदलायला एक वयस्कर शिक्षक कारणीभूत ठरला.

येहुदा माओर हे इस्रायली-अमेरिकी बॅले शिक्षक मुंबईत अ‍ॅशली लोबो यांच्या 'डान्सवर्क्स' मध्ये शिकवायला आले. त्यांच्या वर्गात टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डिंग काम करणाऱ्याचा मुलगा अमिरुद्दीन शाह होते. माओर यांनी या दोघांवर जीव तोडून मेहनत घेतली. अमिरुद्दीनला 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. मनीषने बॅले उशिरा, विशीच्या आसपास सुरू केला. तरी तो व्यावसायिक नर्तक झाला. सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' (2020) हा नेटफ्लिक्सवरचा चित्रपट याच दोघांवर बेतला आहे. मनीषची भूमिका त्यात मनीषनेच केली. 2023 ची 'कॉल मी डान्सर' ही डॉक्युमेंटरीही त्याच्यावर आणि माओर यांच्यावर आहे.

या गोष्टीत गुणी मुलं दोन होती, तसा त्यांना ओळखणारा शिक्षकही होता. तो नसता तर ही नावं आपल्याला कळलीही नसती.

क्लास लावण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

1. तुम्ही कुणाकडे शिकलात आणि किती वर्षं?
2. कुठली परीक्षा किंवा पदवी पूर्ण केली आहे?
3. तुम्ही स्वतः अजून शिकता का, कुणाचं मार्गदर्शन घेता का?
4. जमीन कशी आहे, एका बॅचमध्ये किती मुलं असतात, दुखापत झाली तर काय करता?
5. क्लास चालू असताना पालकांना बसून बघता येतं का?

चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट आपल्या गुरूचं नाव सांगताना तो बहुतेक वेळा कानाच्या पाळीला हात लावतो. त्या छोट्याशा कृतीत लखनौ, खंडाळा, पुणे अशी सगळी साखळी असते. पुढची कडी तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा असू शकतो.