एका दात्याचा फरक

बुऱ्हाणपूरला लोक जातात ते मुमताजच्या ओढीने. १६३१ साली तिचा मृत्यू तिथेच झाला, ताजमहालात नेण्याआधी तिला तिथेच दफन केलं होतं. मीही त्याच ओढीने गेलो होतो. बी.ए.ला इतिहास घेतलेला कारकून रजा मिळाली की दुसरीकडे कुठे जाणार? पण परत आलो तो मुमताजचा नव्हे, एका मिस्त्रीचा इतिहास मनात घेऊन.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८७ची, म्हणजे गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षीची. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, भंगारात घाल. मी हट्टाने ठेवली. इंजिनातून खडखड यायची, म्हणून प्रवासाच्या आधी एका गॅरेजात टायमिंगची चेन बदलून घेतली आणि निघालो. आंबोलीचा घाट चढतानाच गाडी धापा टाकू लागली. इंजिन तापायचं, सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचे. वाटेत एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने कार्बोरेटर साफ केला, तिसऱ्याने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून दिला. तेवढ्याने जरा बरं वाटलं, पण रोग गेला नाही.

बुऱ्हाणपूर पाहून मेळघाटच्या बाजूला निघालो आणि खकनार तालुक्यातल्या डोईफोडिया गावात गाडी बसली. खरोखरच डोई फोडून घ्यायची वेळ आली. मनाशी ठरवलं, इथेच विकून टाकायची आणि बसने घरी जायचं.

थोडं मागे जाऊया. पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. जुन्या फोर्ड मॉडेल टीमध्ये हे काम ड्रायव्हरच करी. स्टिअरिंगखालच्या दांडीने तो ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडायचा. १९१०च्या सुमारास चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची पद्धत बसवली. पुढे ठिणगी पुढेमागे करण्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या वजनांनी उचललं. तीच पद्धत फियाट ११०० बरोबर मुंबईत आली. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने हा क्रम हजारो हातांना पाठ करून दिला.

त्यांतलेच दोन हात मला डोईफोडियात भेटले. मिस्त्री साठीच्या पुढचे. ऐन उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात काढून गावी परतलेले. मराठी बोलले, पण वऱ्हाडी आणि हिंदीची फोडणी दिलेली.

मी म्हटलं, "काका, कार्बोरेटर पाहता का?"

"त्याले काय पाहाचं? चेन कोनं बदलली, थे सांगा."

मी चाट पडलो. चेनबद्दल मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. पुढच्या कव्हरचे नवे गॅस्केट त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं.

त्यांनी टॅपेटचं झाकण काढलं आणि मला पुढून हँडल फिरवायला लावलं. पुलीवरची खूण जुळली, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर रोटरही पहिल्या सिलिंडरकडे पाहत होता. म्हणजे पहिल्यात स्फोटाची वेळ. "आता चौथ्याकडं पाहा," ते म्हणाले. पहिला पेटण्याच्या वेळी चौथ्याचे दोन्ही वाल्व सारखे डोलायला हवेत, एक मिटत येणारा, दुसरा उघडू लागलेला. इथे एक्झॉस्टचा वाल्व अजून चांगलाच उघडा होता आणि इनटेक जागचा हललाही नव्हता. कॅम मागे पडला होता. नवी चेन घालताना चक्र एका दात्याने सरकलं होतं. कॅमचा एक दाता म्हणजे क्रँकचे साधारण पंधरा-वीस अंश. तिसऱ्या मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी सुधारली होती, पण वाल्व उशिराच उघडत होते. घड्याळाचा काटा सरकवून सूर्य थोडाच लवकर उगवतो?

रेडिएटर काढला, पुली काढली, कव्हर उघडलं. दोन चक्रांवरच्या खुणा समोरासमोर नव्हत्या. मिस्त्रींनी त्या जुळवल्या, चेन बसवली, मग हँडलने इंजिनाला पूर्ण दोन फेरे देऊन खुणा पुन्हा पाहिल्या. क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक, म्हणून एका फेऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ते म्हणाले. रात्र त्यांच्याच ओट्यावर काढली. सकाळी गाडी अशी चालू झाली की वडिलांच्या हाताखालचा तिचा जुना आवाज आठवून मला क्षणभर बोलवेना.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला, तिचे फोटो छापले. तिच्याबरोबर जाणाऱ्या विद्येला निरोप कोण देणार? आता ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. तो नेमकी ठरवतो, धूर कमी होतो, याबद्दल तक्रार नाही. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलं ज्ञान कुठलंही पुस्तक न लागता सीमेवरच्या एका खेड्यापर्यंत पोचलं, हाही आपल्या औद्योगिक इतिहासाचा एक अध्याय आहे. वालचंदांचं नाव पुस्तकांत सापडतं. मिस्त्रींचं नाव मी तरी विचारायला हवं होतं, पण निघण्याच्या घाईत तेही राहून गेलं.

गाडी अजून पडवीत आहे. भाऊ आता भंगाराचं नाव काढत नाही.