शाळेत आरोग्य तपासणी झाली, पुढे काय?

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये डॉक्टरांचं पथक येऊन मुलांची तपासणी करतं, ती 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'तून. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात.

पथकात कोण असतं?
दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट.

तपासणी कधी होते?
शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा.

काय तपासतात?
जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वं-लोह यांची कमतरता आणि वाढीतला विलंब.

कार्यक्रम यशस्वी झाला, हे कसं ठरवायचं?
किती मुलं तपासली, हा आकडा अर्धंच उत्तर देतो. समजा, फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून २० मुलांना रुग्णालयात पाठवलं. त्यातली किती तिथे पोहोचली? किती जणांना चष्मा मिळाला? सहा महिन्यांनी किती जण तो वापरतात? उपचार मोफत असले तरी रुग्णालयात जायचं तर हातावर पोट असलेल्या पालकांची दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे आजार कळतो, पण उपचार राहून जातात.

पालकांनी काय करावं?
तपासणीत काय आढळलं, हे शाळेत विचारा. रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मिळाली असेल तर ती जपून ठेवा आणि मुलाला लवकर घेऊन जा.