तळघरातील शाळा

मूळपुरुषांची चरित्रे आणि देणगीदारांच्या नामावळी वाचण्याची सवय असलेल्या आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस प्रस्तुत लेखाचा विषय काहीसा परका वाटेल. परंतु ज्या मुलांविषयी तो आहे, ती परकी नाहीत. विवाह जुळविताना ज्यांचा उल्लेख टाळला जातो आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ज्यांच्यासाठी घरातील एक बाई मागे राहते, अशी मुले आपल्याही घरांत आहेत, हे आम्ही सारेच जाणतो.

स्वमग्नतेस वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९४३ साली. त्या वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी आणि नित्यक्रमातील लवमात्र बदलाने व्याकुळ होणारी ही मुले जन्मतःच तशी असावीत, असे त्यांनी लिहिले. मात्र आईबापांत फारसा ओलावा दिसला नाही, अशीही नोंद त्यांनी केली आणि तिने मोठा अनर्थ केला. आईच्या मायेअभावी मूल असे झाले, हे मत पुढे कित्येक वर्षे वैद्यांच्या मुखी राहिले. रात्रंदिवस मुलास सांभाळणाऱ्या मातेसच आरोपी ठरविण्याचा हा प्रकार होता. (आपल्याकडे हेच काम पूर्वजन्मीच्या पापाकडे सोपविले जाते, इतकाच फरक!)

या आरोपास उत्तर दिले ते पालकांनी. अमेरिकेच्या नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे अशाच एका मुलाचे पिता. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९६४ साली निघाला. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांस जाहीरपणे दोषमुक्त केले.

लंडनमधील पालक तर त्याआधीच कामास लागले होते. १९६२ साली त्यांनी आपली संस्था स्थापिली. डॉ. लोर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ तीत होत्या, त्या अशा मुलीच्या माता म्हणून. त्याच सुमारास सिबिल एल्गर या मॉंटेसोरी पद्धतीच्या शिक्षिकेने आपल्या घराच्या तळघरात अशी थोडी मुले घेऊन शिकविण्यास आरंभ केला होता. ही मुले शिकू शकत नाहीत, असे मानण्याचा तो काळ. नेमका नित्यक्रम, मोजके व स्पष्ट शब्द आणि अपार चिकाटी हेच त्यांचे साधन. पालकांनी तळघरातील हे काम पाहिले, निधी जमविला आणि १९६५ साली ईलिंग येथे शाळा उघडली. इमारत आधी व शिक्षक मागाहून, या आपल्या परिचयाच्या क्रमाच्या हे नेमके उलट झाले.

निधिसंकलनाच्या या इतिहासात एक प्रमादही आहे. १९६३ साली संस्थेने कोड्याचा तुकडा व त्यात रडणारे मूल असे बोधचिन्ह घेतले. एका पित्याचीच ती कल्पना. हेतू निर्मळ होता. परंतु पुढे अनेक स्वमग्न प्रौढांनी, आम्ही कोडे नव्हे आणि दयेचे चित्रही नव्हे, असे बजावले. संस्थेनेही कालांतराने ते चिन्ह सोडले. झोळी फिरविताना कोणाचे चित्र तीवर काढावे, हा प्रश्न आम्हांस अद्याप महत्त्वाचा वाटतो.

मुले मोठी झाली तेव्हा एल्गरबाईंनी सॉमरसेट परगण्यात प्रौढांसाठी निवासस्थान उभारले; ते १९७४ साली सुरू झाले. आपल्या पश्चात याचे कोण, ही चिंता तेथेही हीच होती. आपल्या देशात १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या मातेच्या पुढाकाराने ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था निघाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न प्रौढासही कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोय झाली, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समिती असते. संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली २ एप्रिल हा जागृतिदिन ठरविल्यापासून निळे दिवे पुष्कळ लागतात. मात्र ज्ञातीतील किती घरांनी त्या समितीकडे अर्ज केला, हे विचारण्यास आम्ही कार्यकर्ते आजवर एकाही दारी गेलेलो नाही. येत्या चैत्रात पहिली फेरी निघेल. आतल्या खोलीचे दार उघडे ठेवावे, एवढीच विनंती आहे.