मेथडला मूल्ये व ऑब्जेक्ट पाठवणे

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये मेथडला तिच्या कामासाठी लागणारी माहिती बोलावतेवेळी पुरवली जाते. ही माहिती स्वीकारण्यासाठी मेथडच्या व्याख्येत दिलेल्या नावांना पॅरामीटर, तर प्रत्यक्ष पुरवलेल्या माहितीस आर्ग्युमेंट म्हणतात. मेथडने या माहितीत केलेला बदल बोलावणाऱ्यास दिसतो की नाही, हे संबंधित भाषेच्या नियमांवर अवलंबून असते.

प्रकार

* मूल्याने पाठवणे: मेथडला मूल्याची प्रत मिळते व मूळ चल अबाधित राहतो. सी भाषेत हाच प्रकार आहे.
* संदर्भाने पाठवणे: पॅरामीटर हे मूळ चलाचेच दुसरे नाव ठरते. सी प्लस प्लस व सी शार्प या भाषांत ही सोय आहे.

जावामधील नियम

जावा भाषेत सर्व आर्ग्युमेंट मूल्यानेच पाठवली जातात. मात्र ऑब्जेक्टसाठीच्या चलात ऑब्जेक्ट नसून त्याचा संदर्भ साठवलेला असतो. त्यामुळे प्रत होते ती संदर्भाची, ऑब्जेक्टची नव्हे. १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या सीएलयू भाषेत या पद्धतीस सामायिक पद्धतीने पाठवणे असे नाव मिळाले. पायथॉनमध्येही हीच पद्धत आहे.

उदाहरण

बीड ते मांजरसुंबा या बसच्या आरक्षणाची जावामधील आज्ञावली घेतल्यास, बसमध्ये १२ जागा रिकाम्या असताना पुढील तीन शक्यता संभवतात.

# मेथडला केवळ १२ ही संख्या दिली व तिने त्यातून २ वजा केले, तर मूळ चलात १२ च राहतात.
# बसचा ऑब्जेक्ट दिला व मेथडने त्यातील रिकाम्या जागा २ ने घटवल्या, तर बोलावणाऱ्यासही १० जागा दिसतात.
# मेथडने पॅरामीटरला नव्या बसचा ऑब्जेक्ट नेमून दिला, तरी बोलावणाऱ्याचा चल जुन्याच बसकडे निर्देश करतो.

परिणाम व दक्षता

पहिल्या व दुसऱ्या शक्यतेत गल्लत झाल्यास एकच जागा दोघांना दिली जाऊ शकते. याउलट, केवळ भाडे मोजणाऱ्या मेथडने नकळत ऑब्जेक्ट बदलल्यास चूक शोधणे अवघड जाते, कारण दोष एका ठिकाणी असतो व परिणाम दुसरीकडे दिसतो. हे टाळण्यासाठी बदललेले मूल्य मेथडने परत करणे, ऑब्जेक्टची स्वतंत्र प्रत पाठवणे किंवा जावातील स्ट्रिंगप्रमाणे अपरिवर्तनीय ऑब्जेक्ट वापरणे हे उपाय योजतात. वरवरच्या प्रतीत आतील ऑब्जेक्ट सामायिकच राहत असल्याने आवश्यक तेथे सखोल प्रत करावी लागते.

हेही पाहा

* जावा (प्रोग्रॅमिंग भाषा)
* ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग